दुसरं अपस्ट्रीम चालू केलं आणि अर्धं इंटरनेट गायब झालं, राउटर बदलू का? नागपूरकर आयएसपीवाल्यांनो मदत करा

मानेवाडा_फायबर
नमस्कार मंडळी. मी मानेवाडा-बेसा भागात छोटा आयएसपी (घरोघरी इंटरनेट देणारी कंपनी) चालवतो, सी कॅटेगरी म्हणजे लहान भागाचं लायसन्स, अडीच हजाराच्या आसपास कनेक्शन. इतके दिवस एकच अपस्ट्रीम (ज्याच्याकडून आम्ही इंटरनेट घेतो ती मोठी कंपनी) होतं, त्याची मुंबईची लाइन वर्षातून चार-पाच वेळा कुठेतरी जेसीबीनं तुटायची आणि आम्ही आख्खे आंधळे, म्हणून या महिन्यात दुसरं घेतलं. दोन्हीकडे ट्रॅफिक सारखं वाटलं जावं म्हणून आमची जी एकच १०३ ची /२२ (१०३ नं सुरू होणारे १०२४ आयपी पत्ते) आहे ती फोडून चार /२४ (प्रत्येकी २५६ पत्ते) केल्या, दोन इकडून दोन तिकडून जाहीर केल्या आणि /२२ बंद केली. रात्री दीडला बदल केला, दोन्ही बीजीपी सेशन (कोणते पत्ते कुठे आहेत हे राउटर एकमेकांना सांगतात ती जोडणी) चालू, ट्रॅफिक वाहून राहिलं होतं, मी घरी जाऊन झोपलो.

सकाळी सातपासून फोन सुरू. यूट्यूब चालते, फेसबुक चालते, पण बँकेचं पान उघडत नाही, एकाचं ऑफिसचं व्हीपीएन लागत नाही, पोरांचा गेम लागत नाही. आणि गंमत नाही सांगत, एकाच घरात एक साइट चालते आणि बाजूची नाही. ट्रेसरूट मारला (पॅकेट कुठून कुठून जाते ते पाहिलं) तर मुंबईपर्यंत बरोबर जाते आणि पुढे नुसते तारे, म्हणजे उत्तरच नाही. दुपारी बारा वाजता सगळं जुन्यासारखं करून टाकलं, तेव्हा हळूहळू जागेवर आलं.

ज्यांच्याकडून सामान घेतो ते सांगून राहिले की तुमचा मायक्रोटिकचा सीसीआर१०३६ राउटर म्हातारा झाला, दोन अपस्ट्रीमचा लोड त्याला झेपत नाही, नवीन घ्या. कोटेशन आठ लाखांच्या वर आहे. घ्यायला तयार आहे पण आधी इथं विचारतो. खरंच राउटरचाच दोष आहे का?

इतवारीकर
भाऊ, काही साइट चालतात काही नाही म्हटलं की मी पहिले एमटीयू (एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार) पाहतो. पीपीपीओई (गिऱ्हाइकाचं लॉगिन) असेल तं १४९२, आणि एमएसएस (पॅकेटमधला डेटा) १४५२ वर क्लॅम्प केला, म्हणजे बांधून ठेवला का? नवीन अपस्ट्रीमच्या मधात कुठे टनेल असला तं अजून कमी करावा लागते. दुसरं म्हणजे डीएनएस, साइटच्या नावावरून पत्ता शोधणारं.

मानेवाडा_फायबर
एमएसएस आधीपासून क्लॅम्प आहे. १४०० करूनही पाहिला, फरक नाही. डीएनएस ८.८.८.८ दिला, १.१.१.१ दिला, नाव बरोबर सुटते पण पान उघडत नाही. राउटरचा सीपीयू तेव्हा ३५ टक्क्यांवर होता, हे मी स्वतः पाहिलं.

रात्रपाळी_नॉक
दादा, राउटरचं कोटेशन बाजूला ठेवा आणि आधी एक सांगा. तुमच्या /२२ चा आरओए (हे पत्ते कोण जाहीर करणार याची नोंद) काढलेला आहे का, आणि असेल तर त्यात मॅक्सलेंथ (किती बारीक तुकडे चालतील) किती टाकली आहे? राइपस्टॅट किंवा बीजीपी डॉट टूल्स या वेबसाइटवर तुमचा एएस नंबर (तुमच्या नेटवर्कचा क्रमांक) टाकला की दोन मिनिटांत दिसेल.

मी नागपुरातच एका मोठ्या नेटवर्कच्या नॉकमध्ये (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात) रात्रपाळी करते आणि हे चित्र मी इतक्या वेळा पाहिलंय की ट्रेसरूटमधले तारे वाचूनच संशय आला. यूट्यूब आणि फेसबुक चाललं कारण त्यांचे कॅश बॉक्स (माल साठवून ठेवणारे सर्व्हर) तुमच्या अपस्ट्रीमच्या आतच बसलेले असतात, तिथून तुमच्यापर्यंत यायला बाहेरच्या कोणाची परवानगी लागत नाही. बाकीच्या ठिकाणी तुमचं पॅकेट पोचत होतं पण उत्तर परत यायला रस्ता नव्हता. एमटीयूचा दोष असता तर कनेक्शन लागलं असतं आणि मोठं पान अडकलं असतं. तुमच्याकडे कनेक्शनच लागत नव्हतं, बरोबर ना?

मानेवाडा_फायबर
ताई, बरोबर. सिन (कनेक्शन मागणारं पहिलं पॅकेट) जाते आणि काहीच परत येत नाही, राउटरच्या टॉर्चमध्ये (ट्रॅफिक दाखवणारं साधन) हेच दिसत होतं.

आणि आत्ता पाहिलं. आरओए आहे, /२२, आमचाच एएस, मॅक्सलेंथ २२. हा मी काढलेला नाही, तीन वर्षांपूर्वी आमचे कन्सल्टंट होते त्यांनी काढून दिला होता आणि मला त्याचा अर्थ आजपर्यंत कोणी सांगितला नाही. म्हणजे माझ्या चारही /२४ इनव्हॅलिड (नोंदीशी न जुळणाऱ्या) होत्या का?

रात्रपाळी_नॉक
हो, चारही. जरा नीट सांगते, कारण हे समजलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

बीजीपी मुळात बोलणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवतं. कोणीही म्हणालं की हा पत्ता माझ्याकडे आहे तर शेजारी मानतो आणि पुढे सांगतो. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमनं देशातल्या देशात यूट्यूब बंद करायला म्हणून एक /२४ आतमध्ये टाकली, ती त्यांच्या अपस्ट्रीमकडे गळली, आणि यूट्यूबची खरी अनाउन्समेंट /२२ ची असल्यामुळे जगभरच्या राउटरांनी जास्त नेमकी ती /२४ उचलली. सुमारे दोन तास जगातलं यूट्यूब तिकडे ओढलं गेलं. नेमकी रूट (जास्त बारीक पत्त्याचा मार्ग) नेहमी जिंकते, अंतर कितीही असो.

यावर उपाय म्हणून आरपीकेआय, म्हणजे सहीच्या नोंदीवरून रूट तपासायची पद्धत, आलं. आरओए म्हणजे सहीशिक्क्याची नोंद, की ही /२२ फक्त या एएसनं जाहीर करावी आणि जास्तीत जास्त इतकी बारीक करून. तुमच्या नोंदीत मॅक्सलेंथ २२ होती, म्हणजे तुम्हीच जगाला लिहून दिलं होतं की यापेक्षा बारीक काही दिसलं तर ते खोटं समजा. आणि मग तुम्हीच बारीक केलं. जी नेटवर्क इनव्हॅलिड रूट टाकून देतात त्यांच्यासाठी तुम्ही त्या सकाळी अस्तित्वातच नव्हता. जी तपासत नाहीत त्यांना तुम्ही दिसत होता. म्हणून एक साइट चालली, बाजूची नाही.

यात अजून एक चूक आहे आणि ती मला जास्त टोचते. तुम्ही /२२ का बंद केली? ती दोन्ही अपस्ट्रीमकडून कायम जाहीर ठेवायची असते. ती असती तर /२४ नाकारणाऱ्यांनी /२२ पाहून तुमच्यापर्यंत पॅकेट आणलं असतं आणि गिऱ्हाइकाला काही कळलंही नसतं. शिवाय ज्या कामासाठी दुसरं अपस्ट्रीम घेतलं तेच बुडत होतं, पहिली लाइन तुटली की तिकडच्या दोन /२४ आंधळ्या आणि दुसरीकडच्या दोन चालू, म्हणजे अर्धं मानेवाडा बंदच.

इतवारीकर
हे /२२ वालं लक्षात नव्हतं आलं. मीही असंच तोडून ठेवलं आहे, आज रात्रीच पाहतो.

राउटिंग_पुणेकर
ताईंनी छान उलगडलं. दोन गोष्टी जोडतो.

मॅक्सलेंथ सरसकट २४ करून मोकळे होऊ नका. तसं केलं तर जी /२४ तुम्ही जाहीर करत नाही तीसुद्धा व्हॅलिड ठरते, मग कोणी तुमचाच एएस नंबर पाथच्या शेवटी चिकटवून तिथे घुसला तर आरओए त्याला अडवत नाही. आरएफसी ९३१९ (इंटरनेट कसं चालवावं याचा दस्तऐवज) यावरच आहे, २०२२ ची. जेवढं खरंच जाहीर करता तेवढ्याचेच आरओए काढा, एक /२२ चा आणि ज्या /२४ लागतात त्यांचे वेगवेगळे. क्रम असा ठेवा की आधी नवे आरओए, मग थांबा, राइपस्टॅटवर व्हॅलिड दिसू द्या, त्यानंतरच /२४ जाहीर करा. व्हॅलिडेटर (आरओए तपासणारे प्रोग्रॅम) सगळीकडे एकाच वेळी ताजे होत नाहीत, मी तरी रात्रभर जाऊ देतो.

दुसरं, आणि हे मी कळकळीनं लिहितोय, आयआरआयएनएनचं (भारतात आयपी पत्ते वाटणारी संस्था, आरओए तिथेच निघतात) खातं कोणाच्या ईमेलवर आहे? ३ जानेवारी २०२४ ला ऑरेंज स्पेन या टेलिकॉम कंपनीचा घात अशाच खात्यातून झाला. त्यांच्या राइप (युरोपात पत्ते वाटणारी संस्था) खात्याचा पासवर्ड ripeadmin या अगदी साध्या धाटणीचा होता, म्हणजे राइप आणि अॅडमिन जोडून, दुसरी पडताळणी चालू नव्हती. कोणीतरी आत शिरलं, चुकीच्या एएसचे आरओए काढले, आणि त्यांच्या स्वतःच्या खऱ्या रूट इनव्हॅलिड झाल्या. राउटरला कोणी हातही लावला नाही आणि देशातल्या मोठ्या कंपनीचं इंटरनेट काही तास कोलमडलं. ज्या नोंदीनं संरक्षण मिळतं त्याच नोंदीनं गळा आवळता येतो.

मानेवाडा_फायबर
खातं त्या कन्सल्टंटच्या खाजगी जीमेलवर आहे. आज दोन तास फोन करून राहिलो, उचलत नाहीत. लायसन्स माझं, पैसे मी भरतो, पत्ते माझ्या कंपनीच्या नावावर, आणि चावी दुसऱ्याच्या खिशात. खूप वाईट वाटलं. इतक्या वर्षांत कधी विचारावंसंही वाटलं नाही.

रात्रपाळी_नॉक
दादा, वाईट वाटून घेऊ नका, विदर्भातल्या अर्ध्या छोट्या आयएसपींची हीच स्थिती आहे. कंपनीच्या लेटरहेडवर अर्ज, लायसन्सची प्रत, डायरेक्टरची सही, हे घेऊन आयआरआयएनएनकडे संपर्क बदलायची विनंती करा. नवा ईमेल कंपनीच्या डोमेनचा ठेवा आणि तो किमान दोघांना उघडता यायला हवा.

इतवारीकर
आता राउटरवर बोलू का? कारण भावानं शीर्षकात तेच विचारलं आहे. माझं मत, सीसीआर१०३६ बदलावाच लागेल पण आठ लाख घालून नाही. त्याच्यात टिलेरा प्रोसेसरचे ३६ कोर आहेत पण राउटरओएस ६ या त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बीजीपी एकाच कोरवर चालते, फुल टेबल (जगातल्या सगळ्या रूटची यादी) घेतलं आणि सेशन पडलं की परत भरायला मिनिटंच्या मिनिटं जातात, तोवर पॅकेट विहिरीत. मी सीसीआर२११६ वर गेलो, १६ कोर, १६ जीबी रॅम, व्हर्जन ७, दोन फुल टेबल आरामात. आरपीकेआय तपासणीही व्हर्जन ७ मध्येच आली, ६ मध्ये नाही.

आणि कोणी स्वस्तात ज्युनिपरचा जुना एमएक्स८० राउटर देऊन राहिला तं फुल टेबलसाठी घेऊ नका. पॅकेट फेकायला झकास, पण त्याचा कंट्रोल प्रोसेसर इतका संथ की टेबल भरता भरता चहा होऊन जाते. एमएक्स२०४ ची गोष्ट वेगळी, ४०० जीबीपीएस रॅकच्या एका यू मध्ये (खणात), पण तेवढं ट्रॅफिक अडीच हजार कनेक्शनला कुठून आणायचं.

राउटिंग_पुणेकर
मला वाटतं तुमच्या आकाराला फुल टेबलच नको. आयपीव्ही४ चं टेबल नऊ लाखांच्या पार गेलंय आणि वाढतच राहणार. ऑगस्ट २०१४ मध्ये ते ५१२ हजारांच्या पुढे गेलं तेव्हा ज्या जुन्या राउटरांच्या मेमरीत तेवढीच जागा होती ते एकाच दिवशी धापा टाकायला लागले. दोन्हीकडून डिफॉल्ट रूट (यादीत नाही ते सगळं अपस्ट्रीमकडे पाठवणारी) घ्या, सोबत अपस्ट्रीमच्या स्वतःच्या गिऱ्हाइकांच्या आणि कॅशच्या रूट घ्या, झालं. जुना सीसीआरही तेवढं निभावून नेईल.

रात्रपाळी_नॉक
सल्ला पटतो, पण त्याची एक किंमत आहे ती सांगायला हवी. डिफॉल्ट रूट असली की तुमच्या बाजूची आरपीकेआय तपासणी जवळपास निकामी होते. इनव्हॅलिड रूट तुम्ही टाकून दिली तरी पॅकेट डिफॉल्टवरून निघून अपस्ट्रीमकडे जातं, आणि तो जर तपासत नसेल तर चोराच्याच दारात पोचतं. म्हणून छोट्या आयएसपीनं अपस्ट्रीम निवडताना दरासोबत हा प्रश्न विचारायचा, तुम्ही इनव्हॅलिड टाकून देता का? तुमचे दोघेही टाकत नाहीत हे तर सिद्धच झालं. टाकत असते तर रात्री दीडलाच तुमच्या /२४ पहिल्याच दारात अडल्या असत्या आणि तुम्ही झोपायच्या आधी मागे फिरला असता.

तपासणी करायचीच असेल तर रूटिनेटर किंवा आरपीकेआय-क्लायंट हा व्हॅलिडेटर एका साध्या लिनक्स मशीनवर चालतो, दोन ठेवा, वेगळ्या जागी. दोन्ही बंद पडले तर राउटर रूटला नॉट-फाउंड (नोंदच नसलेली) समजून चालू ठेवतो, त्यामुळे घाबरू नका.

त्याआधी बिनपैशाची कामं करा. बाहेर जाणाऱ्या फिल्टरमध्ये फक्त स्वतःचे पत्ते, बाकी सगळं नकार. दोन अपस्ट्रीम झाल्यावर हा फिल्टर नसेल तर एकाच्या रूट दुसऱ्याला शिकवल्या जातात आणि त्यांचं ट्रॅफिक तुमच्या १० जी च्या पोर्टमधून जायचा प्रयत्न करतं, त्याला लीक म्हणतात आणि त्यात तुमचं नाव जगभर जातं. आत येणाऱ्यावर मॅक्स-प्रिफिक्स, म्हणजे किती रूट घ्यायच्या याची मर्यादा. गिऱ्हाइकाच्या बाजूनं खोट्या सोर्सचं पॅकेट बाहेर जाऊ देऊ नका. आणि विनबॉक्स (मायक्रोटिक राउटर चालवायचा प्रोग्रॅम) जगाला उघडा ठेवू नका, २०१८ मध्ये त्यातल्याच भोकातून पासवर्डची फाइल बाहेर काढता येत होती आणि पॅच एप्रिलमध्येच येऊनही कितीतरी राउटर कोणी अपडेट केले नव्हते.

इतवारीकर
ताई, डिफॉल्टवाला मुद्दा एकदम बरोबर, मी याच्यासाठीच फुल टेबल घेतलं आहे. आणि एक, एकाच डब्यात बीजीपी, पीपीपीओई, नॅट (एक पब्लिक आयपी अनेक घरांना वाटणं) सगळं ठेवू नका भाऊ. डीडॉस (चहूकडून पॅकेटांचा हल्ला) आला की बारीक पॅकेटांचा पाऊस चालू कनेक्शनच्या यादीला भरून टाकते आणि त्याच्यापायी बीजीपीही पडते. जुना १०३६ नॅटला लावा, नवीन बॉर्डरला (अपस्ट्रीमच्या तोंडाशी). आणि दोन्ही अपस्ट्रीमला ब्लॅकहोल कम्युनिटी (या पत्त्याचं ट्रॅफिक टाकून द्या असं सांगणारी खूण) विचारून ठेवा, बऱ्याच ठिकाणी ६५५३५:६६६ चालते, मार खाणारा एक /३२ (एकच पत्ता) बळी देऊन बाकी गाव वाचवता येते. ज्याची कम्युनिटी /३२ घेत नाही त्याला आधीच विचारा, हल्ल्याच्या वेळी तिकीट टाकून उपयोग नाही.

नवीन काहीही घेताना ट्रस्टेड सोर्सचं पाहा. १५ जून २०२१ पासून लायसन्सधारकाला नेटवर्कमध्ये नवीन जोडायचं सामान मान्य स्रोताचंच लागते, त्याआधी बसवलेलं काढून टाकायची सक्ती नाही. बिल आणि मंजुरी दोन्ही फाइलला लावून ठेवा.

वर्धेवाला_केबल
तुम्ही सगळे बॉर्डरवर बोलून राहिले, मी खांबावरचा माणूस आहे, थोडं माझंही ऐका. माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींपैकी आठ लाइटच्या, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाच्या असतात. लॉसचा (लाइटच येत नसल्याचा) लाल दिवा लागला का, ओएनयूवर (घरातला फायबरचा डबा) लाइट किती येते, मायनस २७ डीबीएमच्या खाली गेली तं बी-प्लस दर्जाच्या सामानावर ओएनयू उभाच राहत नाही, मायनस २५ ला मी माणूस पाठवतो. दोन टप्प्यांत १:८ स्प्लिटर (एका फायबरच्या आठ वाटा) आणि परत १:८ लावला की स्प्लिटरमध्येच २१ डीबी गेले, मग एक हिरवा कनेक्टर निळ्यात घुसवला की खेळ संपला. हिरवा एपीसी तिरका कापलेला असते, निळा यूपीसी सपाट, दोघांची तोंडं जुळत नाहीत. पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो, आणि खिशात क्लीनर पेन सक्तीचा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, गरम हवेत धूळ, जेसी बॉक्सचं (फायबरच्या जोडाचा डबा) रबर कडक होऊन फट पडते, मग पहिल्या पावसात पाणी आत. पावसाळ्याच्या आधी सगळे जेसी उघडून पाहायचे, याला पर्याय नाही.

बॅटरीचंही तेच. लेड अॅसिडचं आयुष्य २५ डिग्रीला मोजलेलं असते, दर दहा डिग्रीला निम्मं होते. आपल्या पत्र्याच्या खोलीत किती होत असेल पाहा. मी लिथियम फॉस्फेटवर गेलो, सुरुवातीला महाग पडते पण रात्री झोप लागते.

२३ सप्टेंबर २०२३ आठवते ना नागपूरची? अंबाझरी भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पहाटे पाण्यात. माझा एक ओळखीचा आहे, त्याचा ओएलटी (वस्तीतली सगळी फायबर जिथे जोडली जातात ते मशीन) एका अपार्टमेंटच्या तळघरात लिफ्टच्या बाजूला होता. फोटो पाठवला होता त्यानं, रॅकच्या तिसऱ्या यूपर्यंत चिखलाची रेघ, वरचा स्विच कोरडा ठणठणीत आणि त्याच्या खालचा ओएलटी गाळानं भरलेला. आता तो पहिल्या मजल्याच्या खाली काही ठेवत नाही, भाडं दीडपट देते पण ठेवत नाही.

बेसा_रहिवासी
मी गिऱ्हाईक आहे, शोधता शोधता इथं आलो. एवढी माणसं आमच्या नेटसाठी रात्री जागतात हे माहीत नव्हतं. एक विचारू का, माझ्या मुलाला गेममध्ये पिंग कमी हवा असतो, प्लॅन २०० चा घेतला तरी पिंग तेवढाच. का बरं?

राउटिंग_पुणेकर
दादा, प्लॅन म्हणजे रस्त्याची रुंदी, पिंग म्हणजे अंतर. काचेतून प्रकाशाला दर किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. गेमचा सर्व्हर मुंबईत असेल तर नागपूरहून ८०० किलोमीटर धरले तरी जाऊन-येऊन ८ मिलिसेकंद पक्के, आणि केबल सरळ रेषेत जात नाही. ते कुठलाच प्लॅन कमी करत नाही. घरात वायफायऐवजी वायर लावून पाहा, पिंगमधली उडी-बुडी थांबेल.

मानेवाडा_फायबर
सगळ्यांना कळवतो. आयआरआयएनएनचं खातं कंपनीच्या ईमेलवर आलं, नवा पासवर्ड माझ्याकडे आणि माझ्या भावाकडे. /२२ चा आरओए तसाच ठेवला, चार /२४ चे वेगळे काढले. एक रात्र थांबलो. काल रात्री दीडला /२२ दोन्हीकडून चालू ठेवून /२४ जाहीर केल्या, राइपस्टॅटवर पाचही हिरव्या. मग पहिल्या अपस्ट्रीमची पॅच कॉर्ड स्वतःच्या हातानं उपसली आणि घड्याळ लावून बसलो. एक मिनिट दहा सेकंदांत सगळं दुसऱ्यावर. एकही फोन आला नाही. कॉर्ड परत लावली तेव्हा हात थरथरत होता.

आठ लाखांच्या कोटेशनला नाही म्हणून कळवलं. सीसीआर२११६ बॉर्डरला घेतोय, १०३६ नॅटला. नॅटच्या लॉगवर आता डोकं लावायचं आहे. डिसेंबर २०२१ पासून दोन वर्षांचा रेकॉर्ड ठेवावा लागतो आणि आमच्याकडे प्रत्येक सेशनची ओळ लिहिली जाते, डिस्क भरत चालली.

रात्रपाळी_नॉक
दादा, पॅच कॉर्ड उपसून पाहिलीत हे फार चांगलं केलंत, बहुतेक जण लाइन खरंच तुटेपर्यंत वाट पाहतात.

लॉगसाठी, सेशनमागे ओळ लिहिण्याऐवजी पोर्टचे (एका आयपीवरची कनेक्शन ओळखायचे आकडे) ठोकळे वाटा. एका पब्लिक आयपीवर वापरण्याजोगे साधारण ६४ हजार पोर्ट, प्रत्येक गिऱ्हाइकाला हजाराचा ठोकळा दिला की एका आयपीवर ६४ घरं. मग नोंद फक्त कोणाला कोणता ठोकळा कधी दिला एवढीच. गिऱ्हाइकाच्या बाजूला १००.६४.०.०/१० वापरा, १९२.१६८ घरातल्या राउटरशी भिडतं. घड्याळं एनटीपीवर (नेटवरून वेळ जुळवायची सोय) जुळलेली हवीत, नाहीतर चौकशी आली की दोन मिनिटांच्या फरकानं भलत्याच घराचं नाव निघेल, आणि ते फार वाईट.

आणि आयपीव्ही६ (नव्या, लांब पत्त्यांची पद्धत) चालू करा. जेवढं ट्रॅफिक त्यावर जाईल तेवढं नॅटमधून कमी, बऱ्याच मोठ्या साइट त्यावर आहेत. आयपीव्ही६ ची /३२ (इथे एक पत्ता नाही, पत्त्यांचा मोठा ठोकळा) घेतली असेल तर तिचाही आरओए आजच काढा.

मानेवाडा_फायबर
/३२ घेऊन ठेवली आहे, कधी वापरलीच नाही. आरओए आत्ता काढला. बेसा चौकाच्या ओएलटीवर १४० घरं आहेत, तिथूनच सुरुवात करतो. ताई, पीपीपीओईवर घराला /५६ (मोठा तुकडा) देऊ की /६४ (लहान)?

रात्रपाळी_नॉक
/५६. उद्या त्यांनी घरात दुसरा राउटर लावला तर /६४ पुढे वाटता येत नाही. कॉन्फिग इथं टाका, पासवर्ड आणि आयपी झाकून, मी पाळी सुरू व्हायच्या आधी पाहते.